लिफ्टच्या खोलीतला हरवलेला मेसेज

१

माझ्या जावयाने लिहिलेला एक मेसेज नाहीसा झाला. दागिना गेला असता तर मी एवढी पेटले नसते. दागिना पुन्हा घडवता येतो. या मेसेजबरोबर त्याची अब्रू आणि पोटापाण्याचा परवाना, दोन्ही जायला निघाले होते.

जावई लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट सांभाळणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक आहे. बुधवारी त्याच्या वाटणीच्या एका इमारतीत लिफ्ट तळमजल्यावर थांबायची ती थांबली नाही, घसरून खाली आदळली. आत एक गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांचा पाय मोडला. लिफ्ट घसरली म्हणजे ब्रेक गेला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कंपनीच्या मॅनेजरने जावयाला विचारलं, "ब्रेक झिजलाय हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं," जावई म्हणाला. "लिफ्ट बंद ठेवा म्हणून मेसेज टाकला होता, त्या इमारतीच्या खोलीत."

खोली म्हणजे विटांची नव्हे. त्या कंपनीत सगळे एकमेकांशी बोलतात ते चॅट सर्व्हरवर. ऑफिसात एक मशीन आहे, सगळ्यांचे मेसेज त्यातून जातात आणि त्यातच साठतात. त्यात प्रत्येक इमारतीची एक खोली केलेली आहे. त्या इमारतीबद्दल काही सांगायचं असलं की तिथे लिहायचं. मॅनेजरने ती खोली उघडली. आत गेल्या काही दिवसांचे मेसेज होते, त्याआधीचं काहीच नव्हतं.

झालं. जावई खोटारडा ठरला. त्याला घरी बसवलं. सोमवारी सरकारी तपासनीस बाई सुनावणी घेणार होत्या, आणि त्यात हेच सिद्ध झालं की परवाना कायमचा रद्द.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी मॅनेजरला शिव्या घालून मोकळी झाले असते. पण त्या चॅट सर्व्हरचा प्रोग्रॅम लिहिलाय कोणी? माझ्या सुनेने. आमच्याच घरात, वरच्या खोलीत बसून.

माझी मुलगी तणतणत आली आणि चपला काढायच्या आधीच सुरू झाली. "आई, वहिनीच्या मशीनने ह्यांचा मेसेज खाल्ला."

"मशीन खात नाही, ताई," सून जिन्यावरूनच म्हणाली. "त्याला सांगितलं तेवढंच करतं."

"म्हणजे माझा नवरा खोटं बोलतोय?"

"मी असं म्हटलं का?"

"मग तुझं मशीन खोटं बोलतंय. दोघांतलं एक ठरव. आई, तूच ठरव."

मुलगा जहाजावर, सहा महिने येत नाही. निवाडा माझ्याच गळ्यात. दोघींपैकी एकीची बाजू घ्यायची म्हणजे दुसरीला घरातून तोडायचं. आणि मला तर दोघंही खरं बोलताना दिसत होते. जावयाला खोटं बोलायला शब्द लागले असते, ते त्याच्याकडे नाहीत. सुनेला माफी मागता येत नाही, पण खोटंही बोलता येत नाही. दोघंही खरे असतील तर मग मेसेज गेला कुठे?

२

आधी जावयाला समोर बसवलं.

"काय लिहिलं होतंत? मला मतलब नको, शब्द हवेत."

तो बोटं मोडत बसला. मग म्हणाला, "डावं लायनर झिजलंय. नवीन येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवा."

"लायनर म्हणजे काय?"

"ब्रेकचं अस्तर. चाकाला दोन बाजूंनी आवळतं ते. एक डावं, एक उजवं."

"हे असंच मॅनेजरला सांगितलंत?"

"ब्रेक झिजल्याचं लिहिलं होतं, एवढंच सांगितलं. अपघाताच्या दुपारी, तपासनीस बाईंच्या समोर. डावं की उजवं ते कोणी विचारलं नाही."

"आणि तुम्ही काही आपणहून सांगणार नाही."

"कोणी विचारलं नाही ना," तो पुन्हा म्हणाला.

"आता ब्रेक बघितला का कोणी?"

"नाही आई. ब्रेक असतो त्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीला बाईंनी त्याच दुपारी सील ठोकलंय. सुनावणी झाल्यावर सगळ्यांसमोर उघडणार."

"एवढी जिवाची गोष्ट, तर नुसतं लिहून कसे थांबलात? फोन करता आला नाही?"

तो पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. "त्या खोलीत लिहिलेलं कायम राहतं, आई. वहिनीने तसं करून दिलंय. मीच तिच्याकडे मागितलं होतं."

मी सुनेकडे वळले. ती दारातच उभी होती, हाताची घडी घालून.

"खरंय," ती म्हणाली. "आधी सर्व्हरला एकच सेटिंग होतं, सगळ्या खोल्यांना मिळून. मेसेज आठवडाभर ठेवायचे, मग पुसायचे. गप्पांच्या खोलीत ते ठीक आहे. तिथे कोण कशावर हसलं याचा कचरा किती साठवायचा? पण त्याच कचऱ्याबरोबर ब्रेकचे आणि तारांचे मेसेजही पुसले जायचे. हे म्हणाले, वहिनी, आमच्या इमारतींचं वेगळं काहीतरी कर. म्हणून मी नवीन सेटिंग वाढवलं. प्रत्येक जातीच्या खोलीला आपापली मुदत देता येते. इमारतींच्या खोल्या, मेसेज कायम ठेवा. सेटिंगच्या फाईलमध्ये शेवटी एक ओळ घातली आणि आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बघितलं. एक मेसेज इकडचा तिकडे झाला नाही."

"ती ओळ आता आहे का तिथे?"

"आहे. ताईंचा फोन आल्या आल्या तीच शोधली. जशीच्या तशी आहे."

मुलगी फणकारली. "मग झालं की. सगळं जागच्या जागी आहे, फक्त माझ्या नवऱ्याचा मेसेज तेवढा नाही."

रागाच्या भरात बोलली ती, पण मला ते वाक्य टोचलं. सगळं जागच्या जागी असताना वस्तू जाते, तेव्हा घरातल्याच कोणाचा तरी हात लागलेला असतो. कंपनीचं ऑफिस मी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जावयाच्या गणवेशाची पिशवी आणि किल्ल्यांचा जुडगा परत करायचा होता.

"ते मी नेते," मी म्हटलं.

३

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, तिला काचेची भिंत, आणि काचेपलीकडे मॅनेजर. अलीकडे एक बारीक चणीचा माणूस. सर्व्हरचं मशीन, किल्ल्या, सामान, चहा, सगळं याच्या हाती. मेकॅनिक लोक त्याला टापटीप म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याने उगाच ठेवलेलं नाही. टेबलावर पेन्सिली सैनिकांसारख्या उभ्या. कोपऱ्यात चॅट सर्व्हरचं मशीन, आरशासारखं पुसलेलं.

"याच्यावर धूळ दिसत नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. "मध्यंतरी एका रविवारी बंद करून आतूनही साफ केलं, मावशी. बसा, चहा घ्या."

भिंतभर एक फळी होती, तिच्यावर सारख्या मापाचे डबे, चिठ्ठ्या लावलेले. त्याने चहाचा डबा काढला आणि साखरेसाठी पार दुसऱ्या टोकाला चालत गेला. मी बघतच राहिले. चहाच्या एका बाजूला चमचे, दुसऱ्या बाजूला चिकटपट्टी. साखर तिकडे, शिक्के आणि सुतळीच्या मध्ये.

"ही काय तऱ्हा? चहा पूर्वेला, साखर पश्चिमेला?"

"सगळं जागच्या जागी आहे, मावशी. डोळे मिटून काढता येतं."

"लावलंसही डोळे मिटूनच."

तो हसला. रागावला नाही. अशी माणसं कपटी नसतात, पण त्यांच्या हाताला स्वस्थता नसते.

"सर्व्हरच्या सेटिंगला तू हात लावतोस का रे?"

हसू मावळलं. "मला सगळ्यांनी विचारून झालंय. मी एक अक्षर बदललेलं नाही. एक अक्षर वाढवलं नाही, एक कमी केलं नाही. सोमवारी बाईंपुढेही हेच सांगेन."

डोळ्याला डोळा देऊन बोलला. म्हणजे खरं बोलणारा हा तिसरा. मला आता खऱ्या माणसांचाच कंटाळा यायला लागला होता.

तेवढ्यात मॅनेजर बाहेर आला. माझ्याहून फार तर दोन-चार वर्षांनी लहान, केस काळे केलेले. म्हणाला, "आजी, किल्ल्या दिल्यात ना? मग झालं."

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुम्ही आपलं बाई म्हणा. माझा जावई म्हणतो त्याने मेसेज टाकला होता."

"सगळेच म्हणतात. अपघात झाला की प्रत्येकाने आधी सांगितलेलंच असतं."

"लिफ्ट बंद ठेवा म्हणाला होता. तुम्ही ठेवली नाहीत."

मॅनेजर मोठ्याने हसला. "लिफ्ट म्हणजे काय देवघराचं दार आहे, वाटलं तेव्हा लावून घ्यायला? डावं लायनर जरा झिजलं म्हणून कोणी चार मजले लोकांना जिने चढायला लावत नाही. तरीही त्याने लिहिलं असतं, तर मी बघितलं असतं. त्या इमारतीची खोली मी रोज वाचतो. तिथे काही नव्हतं." त्याने टापटीपच्या हातातला कप उचलला. "साखर घातलीस का?"

"घालतोच आहे साहेब," टापटीप डबा घेऊन येत म्हणाला.

मी पिशवी ठेवली आणि निघाले. जिना उतरताना एक गोष्ट मनात आली. सगळ्यांनी त्या एका इमारतीची खोली उघडून बघितली. बाकीच्या इमारतींच्या खोल्यांत काय आहे, हे कोणी बघितलं होतं का?

४

"दुसऱ्या इमारतींच्या खोल्या उघड," मी सुनेला म्हटलं.

"त्या कशाला? मेसेज या खोलीतला गेलाय."

"एका खोलीत चोरी झाली की बाई शेजारच्या खोलीतही बघते. उघड."

तिने उघडली. मग दुसरी उघडली, तिसरी उघडली. तिचं कीबोर्डवरचं बोट थांबलं.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

सून म्हणाली, "कुठल्याच इमारतीच्या खोलीत आठवड्यामागचं काही नाही. सगळं पुसलंय. एकूण एक."

"आणि कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"मेकॅनिक लोक मागचं उघडून बघत नाहीत, ताई. आजचं काम बघतात आणि पुढे जातात."

मुलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "म्हणजे ते खरं बोलत होते. मेसेज होता. तुझ्या मशीनने खाल्ला. आता बोल, सांगितलं तेवढंच करतं ना?"

सून लालबुंद झाली. तिने एक शब्द टाइप केला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. मी चष्मा लावून वाचलं. इमारतींच्या खोल्या, मेसेज कायम ठेवा. अक्षर अन् अक्षर ठीक होतं.

"ही ओळ आहे ना? मशीनला सांगितलंय ना? मग ते का ऐकत नाही?" ती मुलीला विचारत नव्हती, स्वतःलाच विचारत होती. "प्रोग्रॅम तोच आहे. ओळ तीच आहे. कोणी काही बदललेलं नाही. असं होऊच शकत नाही."

"होऊ शकत नाही म्हणे," मुलगी म्हणाली. "झालंय."

"जुनी प्रत नसते का कुठे?" मी विचारलं.

"रोज काढतो प्रत. पण आजची प्रत कालच्या प्रतीच्या जागी जाऊन बसते. जुनं काही उरत नाही." ती डोकं धरून बसली. "सोमवारी मी काय सांगू? माझं सेटिंग बरोबर आहे आणि मशीनने उलटं केलं? मला वेड्यात काढतील, आणि परवाना जायचा तो जाईलच."

मुलगी रडायला लागली. नवऱ्यासाठी रडली, भावजयीवरच्या रागाने रडली, आणि शेवटी मला वाटतं दोघींसाठी मिळून रडली. मी दोघींना खाली आणलं आणि सुनेला चहा टाकायला लावला. हात गुंतले की तोंड थांबतं.

५

सुनेने फडताळातून चहा काढला आणि शेजारचाच साखरेचा डबा काढला. आमच्याकडे चहाशेजारी साखर असते, जिथे तिची गरज असते. मला ती लांबलचक फळी आठवली. चमचे, चहा, चिकटपट्टी. पार पलीकडे शिक्के, साखर, सुतळी.

मी मनातल्या मनात पुन्हा म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. शाळेत मी फार दिवस टिकले नाही, पण मुळाक्षरं पाठ झाल्याशिवाय बाई सोडत नव्हत्या.

"मेला मुळाक्षरांनी डबे लावतो," मी म्हटलं.

"कोण?" दोघी एकदम म्हणाल्या.

"टापटीप. काय कशाला लागतं ते बघत नाही, पहिलं अक्षर बघतो. सूनबाई, तुझ्या त्या फाईलमध्ये तुझी एकच ओळ आहे की आणखी आहेत?"

"पुष्कळ आहेत. इतक्या वर्षांत एकेक वाढत गेल्यात. नवीन ओळ आली की आम्ही ती शेवटी घालतो. वरच्याला हात लावत नाही, तशीच आमची पद्धत आहे."

"आणि त्या ओळी कोणी वरखाली केल्या तर?"

सुनेच्या हातात चमचा होता. तो तसाच राहिला.

"आई," ती म्हणाली, "मशीन वरून खाली वाचत जातं. एकाच गोष्टीबद्दल दोन ओळी असल्या तर जी खाली असेल ती पाळतं."

"म्हणजे आमच्या घरासारखंच. शेवटी मी बोलते ते."

पण ती ऐकायला थांबलीच नव्हती. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली, मागोमाग मुलगी. चहा उतू गेला.

मी पोचेपर्यंत सुनेने फाईल पहिल्यापासून उघडली होती. मघाशी तिने शब्द टाइप करून नेमकी आपलीच ओळ शोधली होती. शाळेच्या गर्दीत आई आपलंच पोर शोधते, तसं. बाकीचं पोरांचं कोंडाळं तिने बघितलंच नव्हतं. आता बघितलं. इमारतींच्या खोल्या, ही ओळ वर चढून बसली होती. आणि अगदी खाली, सगळ्यांच्या शेवटी, ती जुनीपुराणी ओळ होती. सगळ्या खोल्या, मेसेज आठवड्याने पुसा.

"इ वर गेला आणि स खाली आला," मुलगी हळूच म्हणाली.

"मशीनने वर वाचलं, इमारतींचं कायम ठेवा," सून म्हणाली. "मग खाली येता येता वाचलं, सगळ्यांचं पुसा. शेवटचं ऐकलं आणि सगळं पुसलं. मी एक ओळ लिहिली, आणि ती कुठे बसलीय याला किती महत्त्व आहे ते कोणालाच सांगितलं नाही. मलाच माहीत, म्हणून मला वाटलं सगळ्यांना माहीत."

मी टापटीपला फोन लावला. "फाईलमधलं अक्षर बदललं नाहीस ना?"

"शपथ, मावशी."

"मग लावलीस कशी?"

"क्रमाने. किती पसारा होता तिथे! कुठलीही ओळ कुठेही. मशीन पुसायला बंद केलं ना, त्याच रविवारी बसून नीट लावल्या. का?"

जावयाने मेसेज टाकला तो त्या रविवारच्या आधी. मशीन पुन्हा सुरू झालं, त्याने फाईल नव्याने वाचली आणि आठवड्याहून जुनं झालेलं झाडून सगळं पुसायला लागलं. त्या पोराने फक्त आवरलं होतं.

मुलीने सुनेचा हात धरला होता. सुनेने तो सोडवला नाही, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

"भांडं कसं फुटलं ते कळलं, ताई. पण त्यात दूध होतं हे कसं दाखवायचं? मॅनेजर म्हणेल, सगळं पुसलं गेलं हे कबूल. म्हणून यांनी लिहिलंच होतं असं कुठे ठरतं?"

बरोबर होतं तिचं. मी खुर्चीवर बसले आणि मॅनेजर माझ्याशी काय काय बोलला ते पहिल्यापासून आठवायला लागले. आणि एका शब्दाशी येऊन अडले.

६

सोमवारी तपासनीस बाईंनी कंपनीच्या ऑफिसातच सगळ्यांना बसवलं. बाई तरुण, कमी बोलणाऱ्या. सुनेने सगळं समजावून सांगितलं. आधी टापटीपच्या फळीवरच्या डब्यांवरून, मग स्क्रीनवर. टापटीप खाली मान घालून बसला होता. आपल्या हातून काय झालं ते त्याला आता कळलं होतं.

मॅनेजर शांत होता. "हे सगळं मान्य," तो म्हणाला. "मेसेज पुसले गेले. पण याने लिहिलाच नव्हता, तर पुसणार काय? ती खोली मी रोज वाचत होतो. असा मेसेज मी पाहिलेला नाही."

बाई जावयाकडे वळल्या. "काय लिहिलं होतं? शब्द सांगा."

"डावं लायनर झिजलंय. नवीन येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवा."

"डावं हे याआधी कोणाला सांगितलं होतंत?"

"घरात. बाहेर कोणाला नाही."

मी उठले. बाईंनी विचारलं, "आपण?"

"मी याची सासू. मला एकच विचारायचंय, मग मी गप्प बसते."

जावयाने वर बघितलं. मी गप्प बसते हे त्याला नवीन होतं.

"विचारा."

"साहेब, शुक्रवारी तुम्ही इथेच उभं राहून मला म्हणालात, डावं लायनर जरा झिजलं म्हणून कोणी लोकांना जिने चढायला लावत नाही. वरची खोली बुधवारपासून सीलबंद. ब्रेक कोणी उघडलेला नाही. तर डावं हे तुम्हाला कळलं कसं?"

मॅनेजरच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "मी असं बोललोच नाही. ब्रेक म्हणालो असेन. यांच्या वयात ऐकण्यात घोटाळा होतो."

ऐकण्यात घोटाळा! माझ्या कानावर घसरला तो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात टापटीप उभा राहिला. आधीच त्याची चूक चव्हाट्यावर आलेली. वर आता आपल्याच साहेबाविरुद्ध बोलायचं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून घरी. तो टेबलाची कड धरून होता.

"म्हणालात, साहेब," तो म्हणाला. "डावं लायनर म्हणालात. मी साखर घेऊन येत होतो."

मॅनेजर जरा घाईने म्हणाला, "असेल. मग यानेच कधीतरी तोंडी सांगितलं असेल."

तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं. "कधी? अपघाताच्या आधी की नंतर?"

"नंतर," मॅनेजर म्हणाला.

"नंतर आपण एकदाच भेटलो, साहेब," जावई म्हणाला. "बाईंच्या समोर."

"आणि माझ्यासमोर डावं-उजवं निघालंच नव्हतं," बाई म्हणाल्या.

मॅनेजर म्हणाला, "मग आधी."

"मग आधीच सांगितलं होतं म्हणा की!" मी म्हटलं. "लिहून सांगो की तोंडाने सांगो. माझा जावई तरी दुसरं काय म्हणतोय?"

पुढे काही विचारायची गरज पडली नाही. बाई सगळ्यांना घेऊन त्या इमारतीत गेल्या. वरचं सील तोडलं, ब्रेक उघडला. उजवं लायनर अजून वर्षभर चाललं असतं असं. डावं पार झिजून पत्र्याला लागलेलं. जावयाने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. बरोबर ठरल्याचा आनंद त्याला झाला नाही. गाणं शिकवणाऱ्या त्या बाईंचा पाय मोडलेलाच होता.

७

परवाना राहिला. मॅनेजरने मग कबूल केलं, मेसेज वाचला होता, नवीन लायनर येईपर्यंत चालेल म्हटलं होतं, आणि खोली रिकामी दिसली तेव्हा देवच पावला असं समजून गप्प राहिला होता. त्याचं पुढे काय करायचं ते तपासनीस बाईंनी ठरवलं. मला त्यात रस नाही. कंपनीने टापटीपला ठेवून घेतलं.

तो आमच्याकडे आला, सुनेची क्षमा मागायला. "माझ्या हाताला सवयच वाईट आहे," म्हणाला.

"आवरलंत यात काय वाईट?" सून म्हणाली. "दोन ओळींची जागा बदलली तर एवढं बिघडतं, ते मी मशीनलाच सांगून ठेवायला हवं होतं. तुमच्याकडून माहीत असण्याची अपेक्षा कशी करू?"

मग ती कामाला बसली. आधी तिने जुनी रीत मोडली. आता ओळ कुठेही असो, एका जातीच्या खोलीसाठी लिहिलेला हुकूम सगळ्यांसाठी लिहिलेल्या हुकमाच्या वर. मला ते पटलं नाही, मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "आई, इमारतीला काय लागतं ते इमारतीच्या ओळीला जास्त ठाऊक." मी उत्तर दिलं नाही, म्हणजे हरले असं नाही.

मुलगी वर गेली, म्हणाली, "मला तपासू दे. तुझं तू तपासशील तर पुन्हा आपलंच पोर शोधशील." तिने मुद्दाम गोंधळ घातला. ओळी उलट्यासुलट्या केल्या. एकाच जातीच्या खोल्यांसाठी दोन विरुद्ध हुकूम लिहिले आणि सर्व्हर सुरू केला. तो सुरूच होईना. स्क्रीनवर आलं, 'इमारतींच्या खोल्यांना दोन हुकूम आहेत. कोणता पाळायचा ते सांगा. तोवर एकही मेसेज पुसणार नाही.'

"वहिनी, हे तर तुझ्यासारखंच अडून बसलं," मुलगी म्हणाली.

"तुमच्यासारख्यांशी गाठ आहे त्याची, ताई."

दोघी हसत होत्या. मी खालून ओरडले, उतू गेलेल्या चहाचे डाग त्या शेगडीवर अजून तसेच आहेत म्हणून.

संध्याकाळी जावई त्या इमारतीतून आला. हात धुऊन फोन काढला आणि खोलीत लिहिलं, 'दोन्ही लायनर नवीन. लिफ्ट सुरू.' मग तोच फोन कानाला लावला.

"आता कशाला?" सून म्हणाली. "आता नाही पुसलं जाणार."

"माहीत आहे, वहिनी."

पलीकडून टापटीपने उचलला. "वाचलंस?" जावई म्हणाला. "नाही, तसं नको. काय लिहिलंय ते वाचून दाखव." आणि तिकडून तो वाचत होता तोवर हा शब्दाशब्दाला मान डोलवत उभा राहिला.